सहा अंश

काराबोगाझ म्हणजे काळा घसा.
कास्पियनचं पाणी त्या घशात उतरतं,
परत येत नाही.
वाफ होऊन सुटेल तेवढंच सुटतं,
बाकी सगळं आत. कडू. दाट.
जुलैत बघून कुणाला पटणार नाही:
तळ दिसतो, आपलीच बोटं दिसतात,
ऊन पाणी सगळं पोटात घालतं.

नोव्हेंबरात वारा फिरतो.
झिनाइदा काचेची नळी दोरीनं खाली सोडते,
वर ओढून वहीत लिहिते:
नऊ. साडेसात. परत साडेसात.
ओगुलगेरेक मनगट बुडवते
आणि काही लिहीत नाही.
(तिच्या नावाचा अर्थ, मुलगा हवा.
ही चौथी मुलगी होती.)

सहाच्या खाली गेलं
की एका रात्रीत पाण्याला पेलवेनासं होतं.
सकाळी किनाऱ्यावर ढीगच्या ढीग,
बोटभर लांब सुया, चाळवलेल्या काचेचा आवाज,
आणि प्रत्येक लाट आणखी आणून टाकतेय.
शेळ्या हुंगतात, शिंकतात, निघून जातात.
हे खायचं मीठ नव्हे.
चिमूटभर पोटात गेलं तर रात्रभर बाहेर बसावं लागतं.

झिनाइदा चहाच्या सुट्टीत सांगते:
खायचं मीठ वेगळं.
थंडीत विरघळतं जेवढं,
उकळीत त्याहून थोडंसंच जास्त.
ते मिठाला जागतं.
आणि तुमच्या किटलीतला हा पांढरा थर,
त्याचं सगळंच उलटं,
पाणी तापलं की पाण्याला सोडतो.
ओगुलगेरेक किटलीत वाकून बघते.
"म्हणजे माझी सासू."
बायका हसतात.
फावडी पुन्हा चालू.

ओढून न्यायचं ते वर, दगडांच्या रेघेपलीकडे,
मार्चच्या आत.
उंट कमी, बायका जास्त.
टाचांच्या भेगांत ते कडू पाणी शिरतं
तेव्हा प्रत्येक जण आपापल्या भाषेत एकच शिवी देतो.

त्या वर्षी फेब्रुवारीतच चार दिवस ऊन पडलं.
ओगुलगेरेकचा मोठा ढीग रेघेच्या अलीकडे होता,
दहा दिवसांचा,
उंट उद्या येणार होता.
तिनं फावड्यानं, मग हातांनी, मग परकराच्या ओच्यानं
जमेल तेवढं वर फेकलं.
विरघळताना ते आजूबाजूची ऊब ओढून घेतं:
वर लख्ख ऊन
आणि कोपरापर्यंत हात बधिर.
संध्याकाळी तिथं ओली वाळू होती,
तिच्याच गुडघ्यांचे दोन खळगे.

मुकादम एसेनअमान वही घेऊन आला.
वाईट माणूस नव्हता. तोही थकला होता.
"जे काट्यावर चढलं नाही
ते मी कसं लिहू?"
ती म्हणाली, "गेलंय कुठं? आत आहे."
"आतलं कसं मोजू?"
"मग समुद्र चढव काट्यावर."

झिनाइदा मध्ये पडली नाही.
तिनं फक्त नळी खाली सोडली,
बराच वेळ सोडून ठेवली,
आणि वहीत तारखेपुढे लिहिलं: अकरा.

उन्हाळा गेला.
रेघेपलीकडचे ढीगही उन्हात पीठ झाले,
त्यांच्यातलं पाणी हवेत उडालं,
वजन निम्म्याच्याही खाली आलं.
ते मात्र एसेनअमाननं बरोबर लिहिलं.

पुन्हा नोव्हेंबर.
मनगट. नळी. साडेसहा.
रात्री कुत्री भुंकली नाहीत, वारा नव्हता,
आणि पहाटे त्याच जागी,
जिथं दोन खळगे होते,
पांढरं आलं.

ओगुलगेरेक एकटीच खाली गेली.
पहिली पाटी भरून काट्याशी ठेवली.
"हे गेल्या वर्षीचं," म्हणाली.
एसेनअमाननं पेन्सिल जिभेला लावली,
तिच्याकडे बघितलं,
झिनाइदाकडे बघितलं,
आणि काहीतरी लिहिलं.
ओगुलगेरेकला वाचता येत नव्हतं.
तिनं पाटी उपडी केली
आणि पुन्हा खाली गेली.